शटर मधूनच वाकवून दुकान फोडलं, कुलपं जशीच्या तशी. पुढं काय आणि कसं करू?

वायंडिंगवाला_सातारा

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मोटर रिवायंडिंग आणि सबमर्सिबल रिपेरिंगचं दुकान आहे, वडलांनी चालू केलेलं, आता मी बघतो. गेल्या आठवड्यात मंगळवारी रात्री दुकान फुटलं. पहाटे साडेपाचला समोरच्या चहावाल्या काकांचा फोन आला, "बाळा लवकर ये, तुझं शटर वर आलंय." गाडी काढून गेलो तर शटर मधोमध दीड फूट वर उचललेलं, कमान केल्यासारखं, आणि दोन्ही बाजूची कुलपं जागच्या जागी लटकलेली. मी वेड्यासारखा चावी लावून बघितली तर कुलूप आरामात उघडलं. म्हणजे कुलपांना त्यांनी हातपण लावला नव्हता. जॅक लावून मधून उचललं असणार असं सगळे म्हणतायत.

गेलं काय तर नवी वायंडिंगची तांब्याची तार, रीळं मिळून साधारण 140 किलो, तीन नव्या पंपांचे सेट, दोन स्टार्टर, गल्ल्यातले साडेसहा हजार, आणि ज्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय ते म्हणजे गिऱ्हाइकांच्या पाच मोटरी. ऐन गव्हाला पाणी द्यायच्या दिवसात शेतकऱ्यानं माझ्या भरवशावर मोटर आणून टाकलेली असते, त्याला मी काय तोंड दाखवू. कॅमेरे होते चार. पण डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, काउंटरच्या खालीच ठेवलेला, तो पण घेऊन गेले. पुढच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात एक छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबलेला दिसतो पण हेडलाइटच्या उजेडात नंबर अजिबात वाचता येत नाही.

पोलीस स्टेशनला गेलो तर आधी अर्ज लिहून घेतला आणि म्हणाले किती गेलं त्याची यादी बिलासकट आणा मग बघू. बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) लोन आहे, दरवर्षी विम्याचे पैसे खात्यातून कापले जातात म्हणून मी निवांत होतो, तर शाखेत गेल्यावर कळलं की ती पॉलिसी आगीची आहे, चोरीची नाहीच. सात वर्षं पैसे भरतोय आणि एकदाही कागद उघडून बघितला नव्हता.

विचारायचं एवढंच की आत्ता लगेच काय करू, आणि परत असं होऊ नये म्हणून पहिला पैसा कशावर घालू? हातात फार नाहीये, चाळीस-पन्नास हजारात बसेल असं सांगा. कॅमेरे आणखी वाढवू का?

---

पाईप_फिटिंग_लोणंद

दादा वाचून पोटात कालवलं, आमचंही 2019 ला फुटलं होतं. आधी हे सांगा पंचनामा झाला का? झाला नसेल तर शटर सरळ करायला मिस्त्री अजिबात बोलवू नका, आत झाडू मारू नका. शटरच्या खालच्या कडेवर जॅकचा वण असतो त्याचे जवळून फोटो काढा, बाजूला मोजपट्टी धरून. आमच्याकडे बायकोनं गिऱ्हाईक येतंय म्हणून सकाळी सगळं आवरून घेतलं आणि ठसेवाले आले तेव्हा घ्यायला काही उरलंच नव्हतं.

आणि पाचही गिऱ्हाइकांना तुम्ही स्वतः फोन करा, त्यांना बाहेरून कळायच्या आत. माणसं समजून घेतात.

---

शटर_फॅब्रिकेशन_वाई

भाऊ मी बावीस वर्षं शटरच करतो, त्यामुळं सगळं नीट लिहितो, थोडं लांबेल.

तुमचं शटर दहा-बारा फुटी असणार आणि कुलपं फक्त दोन टोकांना. आपल्याकडं नव्वद टक्के दुकानं अशीच आहेत. रुंद शटर म्हणजे पातळ पट्ट्या एकमेकीत अडकवलेलं कापड समजा. टोकं धरून ठेवली तरी मधलं पोट मोकळंच असतं, खालच्या पट्टीखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून जरा फट केली की गाडीचा जॅक बसतो आणि पाच मिनिटात माणूस सरपटत आत जाईल एवढी जागा होते, आवाजपण होत नाही, कुलूप कितीही भारी घ्या काही उपयोग नाही. लोक माझ्याकडं येतात आणि हजार-दोन हजाराचं कुलूप दाखवतात, मी म्हणतो कुलूप चांगलं आहे पण ते ज्याला लावलंय ते बघा की.

तर पहिली गोष्ट, मधला लॉक. शटरच्या खालच्या पट्टीला मधोमध कडी आणि तिच्यासमोर जमिनीत काँक्रीट फोडून सहा इंच खोल गाडलेला लोखंडी हूक. नुसत्या फरशीवर दोन स्क्रू मारून बसवलेला नको, तो फरशीसकट उपटून येतो, मी बघितलंय. बारा फुटाला मधे एक नाही, दोन करा, शटरचे तीन भाग पडतील असे.

दुसरं, खालची पट्टी. जुन्या शटरला नुसता पत्रा दुमडलेला असतो. त्याच्या आतून जाड अँगल पूर्ण लांबीला वेल्ड करून घ्या, मग जॅक लावला तरी एका जागी वाकत नाही. नवीन शटर करणार असाल तर पट्टी 18 गेजची मागा, पैसे वाचवायला 22 गेज मारतात काहीजण, गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढा पत्रा पातळ हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. बाजूचे गाईड पण बघा, खोली कमी असेल तर ओढल्यावर पट्टी गाईडमधून बाहेर येते.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं म्हणजे आतून सरकतं चॅनल गेट. शटर फोडलं की समोर परत एक लोखंडी दार आणि त्याला वेगळं कुलूप. चोर हिशोब वेळेचा करतो, आत गेल्यावर पहिल्या मिनिटात हाताला काही लागलं नाही तर बहुतेक वेळा निघून जातो. तुमच्या मापाला वीस-बावीस हजारात बसेल, आमच्याकडचा आजचा भाव सांगतोय. कुलूप बाहेरच्या बाजूला गोल घ्या, ज्याची अडकवायची कडी आत लपलेली असते, कटरला पकडायला जागाच मिळत नाही.

आणि छत पत्र्याचं आहे का? असेल तर वर चढून बघा, पत्र्याचे हूक बोल्ट वरून नटनं आवळलेले असतात, पाना घेतला की कुणीपण वरून सोडवू शकतं. शटर घट्ट केलं की चोर मागच्या भिंतीकडं आणि छताकडं बघतो. पत्र्याच्या खाली सळईची जाळी मारा आणि एक्झॉस्ट फॅनच्या भोकाला ग्रिल.

---

सोलर_पाटील

एवढा खर्च कशाला. रात्री जाताना शटरला करंट सोडायचा, एक वायर फक्त. एकदा बसला की परत त्या गल्लीत पाय ठेवणार नाही कुणी. तुम्ही तर मोटरवाले, तुम्हाला काय सांगायचं.

---

वायरमन_तात्या

पाटील हे इथं लिहिलंत ते काढून टाका, कळकळीनं सांगतोय. मी चाळीस वर्षं लाईनचं काम केलं. शटरला सोडलेला करंट चोर ओळखत नाही. पहाटे दूधवाला पिशवी अडकवायला हात लावतो, पावसात शटरला टेकून शाळेचं पोरगं उभं राहतं, गाय अंग घासते. आमच्या भागात शेताच्या कुंपणाला डुकरासाठी सोडलेल्या करंटनं शेजारचाच माणूस गेला, त्याची पोरं लहान होती, आणि ज्यानं सोडला तो सदोष मनुष्यवधाच्या केसमध्ये आत गेला. माल परत आणता येतो. वायंडिंगवाले, तुम्ही हे करणार नाही माहीत आहे, पण वाचणारे खूप असतात म्हणून लिहिलं.

---

निवृत्त_पोलीस_काका

तात्यांनी योग्य लिहिलं. चोर मेला तरी गुन्हा दुकानदारावरच दाखल होतो, त्यात काही सूट नाही.

आता वायंडिंगवाले, तुमच्या कामाचं. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, त्यातली बरीच वर्षं गुन्हे शाखेत, म्हणून दोन्ही बाजू माहीत आहेत.

नुसता अर्ज देऊन येऊ नका. चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, एफआयआर नोंदवलाच पाहिजे आणि त्याची प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173. बिलं नंतर देता येतात, पुरवणी जबाबात यादी वाढवता येते, त्यासाठी गुन्हा थांबवायचं कारण नाही. रात्री दुकान फोडून चोरी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 331(4) आणि 305 लागतं, रात्रीच्या घरफोडीत चोरीचा उद्देश असेल तर चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. किरकोळ चोरी म्हणून लिहू देऊ नका, शटर उचकटलेलं आहे हे फिर्यादीत स्पष्ट आलं पाहिजे, विम्यालाही तेच लागतं. तरीही घेत नसतील तर भांडत बसू नका, लेखी अर्ज पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, त्याच 173 मध्ये ती सोय आहे, त्यानंतर कोर्टाचा रस्ता आहे. आणि नव्या कायद्यात तपास कुठवर आला हे 90 दिवसांत फिर्यादीला कळवायचं बंधन आहे, तारीख लिहून ठेवा.

तांब्याचं सांगतो. तांबं चोरणारा ते घरात ठेवत नाही, दोन दिवसात जाळून त्यावरचं इनॅमल, म्हणजे तारेवरचा लेप, काढतो आणि भंगारात वितळायला जातं. एकदा जळालं की तुमचं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून वेळ महत्त्वाचा. नव्या रिळांवर कंपनीचं लेबल असतं, त्यावर गेज, वजन, बॅच नंबर. तुमच्या होलसेलरकडून बिलासोबत तो बॅच नंबर मागून घ्या आणि तपास अधिकाऱ्याला लेखी द्या. पंपांचे सीरियल नंबरही. मोटरींच्या बॉडीवर काही खूण होती का? पेंटनं लिहिलेला नंबर घासला जातो. माझ्या एका केसमध्ये मोटर परत मिळाली ती फक्त दुकानदारानं मोटरीच्या पायावर लोखंडी पंचनं (नंबर ठोकायच्या छिन्नीनं) ठोकलेल्या तीन आकड्यांमुळं. तुम्ही इथून पुढं प्रत्येक जॉबला तेवढं करा, एक मिनिटाचं काम आहे.

भंगारवाल्यांकडं स्वतः जाऊन दमदाटी करू नका, पण तुमच्या धंद्यातली माणसं तुमच्यापेक्षा चांगली बातमी देतात. आसपासच्या तालुक्यातल्या रिवायंडिंगवाल्यांना कळवा, स्वस्तात नवी तार कुणी विकायला आलं तर सांगा म्हणून. चोरीचा माल माहीत असून घेणाऱ्यावर वेगळा गुन्हा आहे, 317, हे चांगल्या माणसालाही आठवण करून द्यावं लागतं.

माल सापडला तर तो पोलीस स्टेशनात वर्षानुवर्षं सडवायची गरज नाही. वकिलाकरवी कोर्टात मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करा, हमीपत्रावर मिळतो. सुप्रीम कोर्टानं 2002 मध्येच सांगितलंय की फोटो-पंचनामा करून वस्तू लवकर मालकाला द्या.

शेजारच्या फुटेजचं काय केलंत? ते आजच कॉपी करून घ्या, डीव्हीआर जुनं पुसत जातो. कोर्टात चालायला त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते शेजाऱ्याला द्यावं लागेल, त्यांना आधीच विनंती करून ठेवा.

---

वायंडिंगवाला_सातारा

काका मनापासून धन्यवाद. गुन्हा नोंद झाला आज, 331(4) आणि 305 लावून, मी कलम सांगितल्यावर समोरचे साहेब पण नीट बोलले. बॅच नंबर होलसेलरनं व्हॉट्सॲपवर दिले. पाचही शेतकऱ्यांना फोन केले, एकानं तर मलाच धीर दिला, दोघांना मी माझ्याकडच्या जुन्या मोटरी बसवून दिल्यात पाणी चालू राहावं म्हणून.

विम्याचं कुणी सांगेल का, आता काहीच मिळणार नाही का?

---

कर_सल्लागार_कराड

चोरीचं कव्हर नव्हतं तर या वेळचं मिळणार नाही, खोटी आशा देत नाही. पण तुमच्यासारखे निम्मे दुकानदार याच गैरसमजात आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

बँक सीसीला जी पॉलिसी काढते ती बहुतेक वेळा 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' असते, एप्रिल 2021 पासून विम्याखालची मालमत्ता पाच कोटीपर्यंत असेल त्या धंद्याला हीच चालते. आग, पूर, वादळ, दंगल वगैरे. त्यात चोरी हा शब्द आहे पण कसा, तर आग किंवा पूर यासारखी घटना घडली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली तर. नुसतं शटर फोडून नेलं तर नाही. त्यासाठी वेगळी बर्गलरी (घरफोडीची) पॉलिसी किंवा शॉपकीपर्स पॅकेज घ्यावं लागतं.

घेताना एजंटला पुढच्या गोष्टी विचारा. स्टॉकची रक्कम कमी लिहून हप्ता वाचवू नका. समजा माल 20 लाखांचा आणि तुम्ही लिहिला 10 लाख, चोरी झाली 4 लाखांची, तर मिळतात 2 लाख, कारण निम्माच विमा होता असं धरतात. पण बर्गलरीत एक सोय आहे, चोर अख्खं दुकान उचलून नेऊ शकत नाही म्हणून 'फर्स्ट लॉस' तत्त्वावर एकूण स्टॉक खरा सांगून त्याच्या 25 टक्क्यांचा वगैरे विमा घेता येतो, हप्ता बराच उतरतो. तुमच्यासाठी तेच बरं. गिऱ्हाइकांच्या मोटरी तुमचा स्टॉक नाहीत, त्यासाठी 'दुसऱ्याचा, आपल्या ताब्यातला माल' हे पॉलिसीत वेगळं लिहून घ्यावं लागतं, नाहीतर त्या धरत नाहीत. रोकड तिजोरीतली आणि गल्ल्यातली वेगवेगळी असते. आणि जबरदस्तीनं आत शिरल्याची खूण लागते, डुप्लिकेट चावीनं उघडून नेलं तर दावा अडतो.

स्टॉक रजिस्टर आणि बिलं फक्त दुकानात ठेवू नका. एकाकडं वही पण गेली होती, विम्याचा सर्व्हेअर समोर बसून किती माल होता हे सांगायला कागद नव्हता. दर महिन्याला स्टॉकचा एक फोटो आणि वहीचं पान घरी पाठवून ठेवा, बास.

आता जीएसटी, हे कुणी सांगत नाही. चोरीला गेलेल्या मालाच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचा तुम्ही जो क्रेडिट घेतला होता तो परत करावा लागतो, कलम 17(5)(h). दीड लाखाची तार 18 टक्क्यांनी घेतली असेल तर 27 हजार. चालू महिन्याच्या जीएसटीआर-3बी रिटर्नमध्ये उलटवा, नंतर नोटीस आली की व्याजासकट भरावं लागतं. कॉम्पोझिशन योजनेत (जिथं क्रेडिट मिळतच नाही) असाल तर प्रश्न नाही. म्हणून विमा घेताना मालाची किंमत जीएसटी धरून लिहायची, म्हणजे ते पण भरून निघतं. गेलेला माल धंद्यातलं नुकसान म्हणून आयकरात दाखवता येतो, एफआयआरची प्रत जपा.

पुढं कधी दावा चुकीचा नाकारला तर विमा लोकपाल आहेत, पुण्यात आणि मुंबईत. एका मालकाचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग तिथं जाऊ शकतात, 50 लाखांपर्यंत, फी नाही, वकील लागत नाही, नकार मिळाल्यापासून एका वर्षात जायचं.

---

कॅमेरावाला_बारामती

कॅमेरे वाढवू नका. आहेत ते चार नीट लावा. मी हेच काम करतो तरी सांगतोय.

दहा फुटावरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्यात टोप्या आणि डोक्याचे भोवरे दिसतात, चेहरा नाही. एक कॅमेरा आत, काउंटरजवळ, माणसाच्या तोंडाच्या उंचीला, दाराकडं तोंड करून. बाहेरच्याला गाडीचा नंबर हवा असेल तर सरळ रस्त्याकडं न लावता बाजूनं तिरका लावा आणि दुकानाबाहेर एक साधा एलईडी रात्रभर चालू ठेवा, अंधारात हेडलाइट सगळं पांढरं करतो तेच तुमच्या शेजाऱ्याचं झालंय. डीव्हीआर माळ्यावर लोखंडी पेटीत, हवेला भोकं पाडून, छोट्या यूपीएसवर. काउंटरखाली एखादा बंद पडलेला जुना डीव्हीआर वायरी लावून ठेवा, चोर तोच उचलून समाधानानं जातो. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. आणि घड्याळ बघा! एका ठिकाणी डीव्हीआर 40 मिनिटं मागं होता, संशयितांच्या मोबाईलचं लोकेशन आणि फुटेजची वेळ जुळेना, खूप त्रास झाला.

पण कॅमेरा चोरी थांबवत नाही, झालेली दाखवतो. थांबवायला सायरन. शटरला मॅग्नेटचा आणि हादऱ्याचा सेन्सर, सिमकार्डचा डायलर, शटर हललं की भोंगा आणि पाच नंबरांना फोन. साडेचार-पाच हजारात होतं.

---

मेडिकल_ताई

मी एकटी मेडिकल चालवते, रात्री साडेदहाला बंद करते म्हणून बाईच्या बाजूनं लिहिते.

सायरन माझ्याकडं आहे आणि तो एकदा वाजला पण, पहाटे तीनला, शेजारच्या वाड्यातले लोक उठले आणि दोघं पळून गेले. पण त्याआधी चार महिने तो मुका होता, कारण सिमचं रिचार्ज संपलेलं मला कळलंच नव्हतं. आता दर एक तारखेला, दुकानाचं भाडं देते त्याच दिवशी, शटर हलवून वाजवून बघते. शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय.

दुसरं, सगळे रात्रीच्या चोराबद्दल बोलतायत, माझं सगळ्यात मोठं नुकसान दिवसा झालं. विश्वासातली मुलगी होती, तीन वर्षं. रोज एक-दोन महागड्या स्ट्रिप्स. मला संशय आला तो एक्सपायरी परत पाठवताना, खरेदीत वीस आणि विक्रीत अकरा, शेल्फवर एकही नाही. मला पैशापेक्षा तिनं दुपारचा डबा माझ्याबरोबर खाल्लेला आठवून जास्त लागलं. नोकराच्या चोरीला वेगळं कलम आहे म्हणे, 306, मी नाही गेले त्या वाटेला, पण आता रोज बंद करायच्या आधी दहा महाग औषधं मोजते, रोज वेगळी दहा, आणि हे कामावर असलेल्यांना उघड सांगून करते. संशय म्हणून नाही, पद्धत म्हणून. नवीन माणूस ठेवताना आधारची प्रत आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, ऑनलाइन अर्ज होतो. बर्गलरीच्या विम्यात नोकराची चोरी बसत नाही, त्याला फिडेलिटी नावाचं वेगळं कव्हर लागतं, हे पण मला नंतर कळलं.

आणि सकाळी दुकान उघडल्यावर आपला क्यूआर कोड स्वतःच्या मोबाईलनं स्कॅन करून नाव बघा. जानेवारी 2025 मध्ये खजुराहोत रात्रीतून दुकानांच्या स्टिकरवर दुसरे स्टिकर चिकटवले होते, पैसे भलत्याच खात्यात. मी माझा कोड काचेच्या आतल्या बाजूनं लावलाय. गिऱ्हाइकानं मोबाईल दाखवला म्हणजे पैसे आले असं नाही, साउंडबॉक्स बोलल्याशिवाय माल देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन, उशीर केला की पैसे पुढं सरकतात.

गल्ल्यात रात्री फक्त सुट्टे ठेवते आणि ड्रॉवर उघडाच सोडते, रिकामा आहे हे दिसावं म्हणून. निदान तोडून नासधूस तरी होणार नाही. घरी जाताना रोकड पर्समध्ये नसते आणि रोजची वेळ पण एक नसते.

---

किराणा_भुसार_फलटण

ताईंनी शेजाऱ्यांचं लिहिलं ते फार खरं. आमच्या पेठेत सव्वीस दुकानांनी मिळून रखवालदार ठेवलाय, दुकानामागं महिना 350 पडतात. फेरी मारतो का हे बघायला चार कोपऱ्यांवर वही ठेवलीय, दर तासाला सही. ज्या गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे तिथं नाव नोंदवून घ्या, एक फोन केला की आपलाच आवाज आसपासच्या सगळ्या नोंदलेल्या मोबाईलवर जातो. नसेल तर 112 आहेच, पण पोलीस गाडी यायच्या आत शेजारी दिवा लावून बाहेर आला तरी काम होतं.

एक सांगा, तुमच्या शेजारचा गाळा रिकामा आहे का? नवी मुंबईत जुईनगरला 2017 मध्ये बँकेशेजारचा गाळा भाड्यानं घेऊन भुयार खणलं आणि लॉकर फोडले, त्या गाळ्यात दुकान चालू होतं, कुणाला शंका नाही. बाजूला नवा भाडेकरू आला की ओळख करून घ्या, मालकाला त्याची पोलिसांकडं नोंद केली का विचारा.

---

वायंडिंगवाला_सातारा

सगळ्यांचं वाचून वडलांना पण मोठ्यानं वाचून दाखवलं. काय केलं ते सांगतो.

वाईच्या दादांचा सल्ला घेऊन शटरला मधे दोन लॉक केले, जमिनीत गाडून, खालून अँगल, आणि आतून चॅनल गेट. सगळं मिळून 31 हजार झाले. सायरन 4800. नवा डीव्हीआर माळ्यावर गेला, कॅमेरे तेच चार, जागा बदलल्या. पत्र्याचे नट वरून खरंच सुटत होते, मी स्वतः पाना घेऊन चढून बघितलं, हातानं फिरले. जाळीचं काम पुढच्या महिन्यात, पैसे आल्यावर. तोवर नटांवर वेल्डिंगचा टाका मारलाय. बर्गलरी पॉलिसीचं कोटेशन आलंय, त्यात 'गिऱ्हाइकांच्या मोटरी' असं लिहून द्या म्हटलं तर एजंट म्हणाला कुणी मागत नाही हे. मी म्हटलं मी मागतोय.

बाजूचा गाळा रिकामाच आहे, मालकाशी बोललोय.

काल फोन आला, शेजारच्या तालुक्यातल्या एका रिवायंडिंगवाल्याकडं कुणीतरी 22 गेजची सात रीळं विकायला आणली होती, लेबल अर्धवट फाडलेली. त्यानं घेतली नाहीत आणि मला लगेच कळवलं, गाडीचा नंबर पण लिहून ठेवला. मी तसाच तपास अधिकाऱ्यांना दिलाय. दोन रिळांवर बॅचचे शेवटचे चार आकडे त्यानं वाचलेत, माझ्या बिलाशी जुळतात. पुढं काय होतंय ते इथंच लिहीन.

पंच सेट आणलाय. आज आलेल्या पहिल्या मोटरीच्या पायावर नंबर ठोकला, 001.